मारव्याखाली मेजर कॉर्ड

खर्जातला (मूळ धागा)

आधीच सांगून ठेवतो. 'फ्यूजन म्हणजे भेसळ' असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांसाठी हा धागा नाही, आणि 'काळाबरोबर चालायला शिका हो काका' म्हणणाऱ्यांसाठीही नाही. दोन्ही पार्ट्यांनी आपापले गड इतर धाग्यांवर भरपूर लढवलेत.

मी गात नाही, वाजवत नाही, नुसता ऐकतो. पण ऐकतो ते अधाशासारखं. आमीर खाँसाहेबांची ती १९६० ची एलपी, एका बाजूला मारवा राग आणि दुसऱ्या बाजूला दरबारी, ती माझ्याकडे कॅसेटवर होती, मग सीडीवर आली, आता फोनवर आहे. त्याच फोनवर शक्ती हा फ्यूजनवाला बँड आहे, संतूर-बासरी-गिटारची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही एलपी आहे, 'कट्यार काळजात घुसली'चं नाटक आहे आणि कट्यारचा सिनेमाही आहे. ह्यातलं काहीही लावताना मला चोरी केल्यासारखं वाटत नाही.

पण हल्ली एक प्रकार फार कानावर येतो. एखादी जुनी बंदिश घ्यायची, खाली कीबोर्डचे गुबगुबीत कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, पसरायचे, चार मात्रांचा ठोका लावायचा आणि गायकाला त्यावर सोडून द्यायचं. गायक बहुतेक वेळा चांगला तयार असतो. आवाज सुरेल, तान स्वच्छ. तरी दुसऱ्या मिनिटाला माझं लक्ष उडतं. कितीतरी दिवस वाटत होतं की आपलंच वय झालं. मग कोणीतरी मारवा असाच करून पाठवला आणि काय खुपतंय ते नेमकं कळलं.

मारव्यात पंचम नाही. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत यांचं राज्य. आणि षड्ज? तो असतो, तंबोऱ्यात सतत वाजत असतो, पण गवई त्याच्यावर येऊन बसत नाही. निषादावरून रिषभावर जातो, गंधाराला जातो, तीव्र मध्यमावरून धैवतावर थांबतो, परत येतो आणि षड्जाच्या दारावरून पुढे निघून जातो. संध्याकाळची ती जी हुरहूर म्हणतात ना, ती ह्या टाळण्यात आहे. बऱ्याच वेळाने सा लागतो तेव्हा अख्ख्या सभागृहाचा श्वास सुटतो.

आता ह्याच्याखाली सा-ग-प असा मेजर कॉर्ड लावा. वर्ज्य असलेला पंचम आला. आणि ज्या षड्जासाठी पाच-पाच मिनिटं जीव टांगणीला लागायचा, तो दर चार मात्रांना फुकट वाटला जायला लागला. वर गाणारा बिचारा जीव तोडून षड्ज टाळतोय, आणि खाली कीबोर्ड 'हा घ्या, हा घ्या' करतोय!

म्हणजे माझं भांडण गिटारशी नाही, ड्रमशी नाही, सिंथशीही नाही. शक्तीमधल्या जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार आठवा. तिच्या पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं, कारण तार दाबून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काढायची होती. वर तरफांसारख्या (सतारीतल्या, आपोआप झंकारणाऱ्या) जादा तारा बसवून घेतल्या होत्या. 'कॉल ऑफ द व्हॅली'त ब्रिजभूषण काबरा गिटार आडवी ठेवून, तारेवर पट्टी सरकवत वाजवतात. वाद्य परदेशी, पण सुरासाठी वाकलं. जिथे सूर वाद्यासाठी वाकवला जातो तिथे माझा कान रुसतो. माझ्यापुरता हा नियम झालाय.

तुमचा काय अनुभव? कुठलं नवं रूप तुम्हाला धरून ठेवतं, आणि नेमकी कुठली जागा? 'ऑसम', 'अंगावर काटा' एवढ्यावर भागवू नका प्लीज.

जुना_कारकून

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे.

एक जुनी गंमत सांगतो. आज आपण ज्याला 'अस्सल' म्हणून कवटाळतो ते नाट्यसंगीत स्वतःच मुळात नव्याने बांधलेला माल आहे. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं, त्यात साकी, दिंडी असल्या कीर्तनातल्या चाली होत्या. मग १९११ ला खाडिलकरांच्या मानापमानाला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ ला स्वयंवराला भास्करबुवा बखल्यांनी दिल्या. बुवांनी आणि टेंब्यांनी काय केलं? मैफिलीतल्या बंदिशी, ठुमऱ्या, दादरे उचलले, त्यात मराठी शब्द बसवले आणि तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे ठेवले. ज्याने आयुष्यात कधी ख्याल ऐकला नव्हता तो यमन नि बिहाग गुणगुणायला लागला. तेव्हाच्या एखाद्या कर्मठ उस्तादाला विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता, कल्पना करा.

आणि साथीला काय होतं? ऑर्गन! पायाने भाता मारायचा तो विलायती ऑर्गन. गंधर्व नाटक मंडळीत एका बाजूला कादरबक्षांची सारंगी, तबल्याला खुद्द थिरकवाँसाहेब, आणि त्यांच्याबरोबर ऑर्गन. आज नाट्यगीताच्या कार्यक्रमात ऑर्गन दिसला की आपण 'व्वा, जुना बाज' म्हणतो.

रीलवाला_राजा

एवढं सगळं डोकं लावून गाणं ऐकायचं असेल तर मी इंजिनीअरिंगच बरं म्हणतो. आवडलं तर ऐका, नाही तर स्वाइप. कृहघ्या (कृपया हलकेच घ्या).

तिरकीट

@रीलवाला_राजा: हलकेच घेतलं. पण स्वाइप का केलं ते कळलं तर पुढच्या वेळी काय शोधायचं तेही कळतं की!

मूळ धाग्याबद्दल: तबला शिकते, त्यामुळे माझं दुखणं वेगळं. कॉर्डपेक्षा मला क्लिक छळतो. क्लिक म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी कानात सतत टकटक वाजणारा मेट्रोनोम. आपल्याकडे लय कधीच घड्याळासारखी नसते. बडा ख्याल अतिविलंबित एकतालात असेल तर एक आवर्तन मिनिटभराचं. गवई मुखडा घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो तेव्हा किंचित रेंगाळतो, तबलजी ते ओळखतो आणि ठेका केसभर सैल सोडतो. पुढे बढत होते तशी लय चढत जाते, कोणी सांगत नाही की आता चढवा म्हणून. आमचे गुरुजी म्हणतात, ठेका धरायचा तो गवयाच्या श्वासाकडे बघून.

क्लिकवर हे सगळं बंद. सम आली तर ती ठरलेल्या मिलिसेकंदालाच येणार. मग समेवर येण्यातली जी चोरी-पकड आहे, 'आला, आला... आला!', ती कुठून आणायची? म्हणून बऱ्याच रिमेक्समध्ये तिहाई (तीनदा घेऊन समेवर आणलेला तुकडा) जागेवर पडते पण कोणाच्या तोंडून 'क्या बात है' निघत नाही.

फेडर_खाली

साउंडवाला बोलतोय. मुंबईत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करतो. तिरकीट म्हणतेय ते शंभर टक्के बरोबर, पण क्लिक कोणी दुष्टपणाने लावत नाही. गायक एका दिवशी गाऊन जातो, बेस दुसऱ्या गावातला माणूस आठवड्याने पाठवतो, ड्रम तर मशीनच. सगळ्यांना एका रेषेत आणायला क्लिक हवाच. खरं तर उलटही करता येतं. आधी गवई, तबला आणि तंबोरा एकत्र बसवून मोकळं गाऊ द्यायचं, मग त्यांच्या लयीवरून टेम्पोचा नकाशा काढायचा आणि बाकी वाद्यं त्याच्या मागून चालवायची. मी केलंय. वेळ तिप्पट लागतो आणि निर्माता घड्याळ दाखवतो. त्यामुळे दहात एकदा होतं.

दुसरं पाप ऑटोट्यूनचं. १९९७ ला आलं तेव्हापासून जगभर सगळेच वापरतात, मीही. ते सॉफ्टवेअर काय करतं, तर गायकाचा सूर ज्या पट्टीजवळ असेल त्या पट्टीवर नेऊन बसवतं. दरबारीचा गंधार त्याच्या तावडीत सापडला की बघा. तो गंधार मुळात नेहमीच्या कोमल गंधारापेक्षा खालचा, आणि स्थिर नाहीच, रिषभाकडून सावकाश झुलत येतो. स्क्रीनवर त्याची रेघ लाटेसारखी दिसते. सॉफ्टवेअरला वाटतं की गायक बेसूर झाला. ते लाट सपाट करतं आणि पियानोच्या कोमल गंधारावर नेऊन चिकटवतं. जे उरतं ते धड दरबारीही नाही आणि त्याचा शेजारी राग अडाणाही नाही. मी शास्त्रीय गायकाच्या ट्रॅकवर ते बंद ठेवतो. पण फाइल पुढे कोणाकडे जाते आणि तो काय करतो त्यावर माझा इलाज नाही.

पेटीवाला_सदाशिवपेठ

वाकण्याच्या नियमाला एक पाचर मारतो. खर्जातला, तुमच्या हिशेबाने पेटी कधीच बाद व्हायला हवी होती!

पेटीवर मींड नाही. पट्ट्या ठरलेल्या. शुद्ध गंधार तंबोऱ्यातून जिथे ऐकू येतो त्यापेक्षा समभागी (बारा सारख्या भागांच्या) सप्तकातला, म्हणजे पियानोचा गंधार १४ सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे शंभर सेंट), आणि पेटीही त्याच हिशेबाने लावलेली असेल तर ती शंभर सेंटांच्या पायरीत १४ सेंट खोटं बोलते. अशाच कारणांसाठी आकाशवाणीने १९४० पासून पेटीला बंदी घातली होती, ती तीसेक वर्षं टिकली. आता डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी करून दाखवली, ते वेगळं. पण बाकी आम्ही सगळे बारा पट्ट्यांवरच संसार करतोय. तरीही गोविंदराव टेंबे झाले, आप्पा जळगावकर झाले, तुळशीदास बोरकर झाले. गवई पेटीशिवाय बसायला तयार नसतो.

का? तर पेटी मागून येते. गवई मींड घेतो तेव्हा चांगला पेटीवाला गप्प बसतो किंवा नुसता शेवटचा सूर हलकेच धरतो. गवयाने जागा घेतली की तिची सावली वाजवायची. खोटं बोलणारा सूर असला तरी तो गवयाच्या आधी बोलत नाही. तुमच्या त्या कॉर्डचा गुन्हा मला विचाराल तर पंचम लावला एवढाच नाही. तो आधीपासून ठरलेला आहे, गवई कुठे जाणार हे त्याने अगोदरच सांगून टाकलंय. साथ नव्हे ती, ती वाट अडवून उभी आहे.

खर्जातला

@पेटीवाला: दंडवत. पाचर बरोबर बसली. 'वाकणं' ह्यापेक्षा 'मागून येणं' हे जास्त खरं आहे, आणि तिरकीटचा क्लिकही त्याच खात्यात जातो. क्लिक कधीच कोणाच्या मागून येत नाही.

चार_काळ्या_पट्ट्या

कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे इथे माझा कोर्ट-मार्शल चाललाय असं दिसतंय :)

सगळ्याच कीबोर्डवाल्यांना सा-ग-प शिवाय काही येत नाही असं नाही हो. मारव्यात मी मेजर कॉर्ड षड्जावर लावणारच नाही. रागाचेच स्वर घ्या: धैवत, कोमल रिषभ, गंधार. हे तिन्ही एकत्र दाबा. काय झालं? धैवताचा स्वच्छ मेजर कॉर्ड! पंचम नाही, षड्ज नाही, एकही परका स्वर नाही. तीव्र मध्यम, धैवत, रिषभ दाबा, मायनर मिळतो. मारवा हार्मनीला इतका सोयीचा राग आहे की लोक करत का नाहीत, ह्याचंच मला आश्चर्य वाटतं.

कोमलधैवत

@चार_काळ्या_पट्ट्या: आता हे करून बघा आणि प्रामाणिकपणे सांगा. धैवताचा तो मेजर कॉर्ड दोन मिनिटं धरून ठेवा आणि त्यावर ध नी रे ग म॑ असं सावकाश गा. रे कोमल, म तीव्र, मारव्याचेच स्वर. षड्ज गाऊ नका.

चार_काळ्या_पट्ट्या

केलं. आयला. हा तर भूप राग!

कोमलधैवत

भूपच होणार. शिकताना मूर्च्छना म्हणून हे आम्हाला वहीत लिहून दिलं होतं, पण खरं पटलं ते गाऊन. मारव्यातून षड्ज काढा आणि धैवताला षड्ज माना, की ध नी रे ग म॑ चे होतात सा रे ग प ध. स्वर तेच, एकही बदलला नाही. संध्याकाळची हुरहूर गेली आणि एकदम पूजेला बसल्यासारखं प्रसन्न वाटायला लागलं.

म्हणजे मारवा ही एक रस्सीखेच आहे. गळा धैवत-रिषभाकडे ओढतो, आणि तंबोरा सांगत असतो की घर इकडे आहे, षड्जापाशी. तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला लावलेली, बाकी षड्ज. ती षड्जाची तार थांबली की मारवा मेला. कॉर्ड रागाच्या स्वरांचा आहे की बाहेरच्या, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं की त्या कॉर्डने घर हलवलं का.

जुना_कारकून

क्या बात है. इतकी वर्षं मारवा ऐकतोय, हे माहीत नव्हतं. आता मलाही गुणगुणताना भूप ऐकू यायला लागला तर तुम्ही जबाबदार.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात अजून संगीत नाटक होतं, गावातलेच लोक करतात. दिवसा बँकेत किंवा पंचायतीत काम करणारा माणूस रात्री मानापमानातला धैर्यधर होऊन उभा राहतो. अलीकडे कुठे कुठे साथीला ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) आणि कीबोर्ड येतो. पूर्वी मी नाक मुरडायचो. पण एक पाहिलंय, पद सुरू झालं की पेटी आणि तबलाच गायकाच्या मागे राहतात आणि कीबोर्डवाला हात मांडीवर ठेवून बसतो. कोणी त्याला नियम सांगितलेला नाही. गायकाने कुठली ओळ किती वेळा घ्यायची ते ठरलेलं नसतं, वन्स मोअर आला तर पद परत पहिल्यापासून, अशा वेळी आधी ठरवलेलं काही वाजवताच येत नाही.

अभिषेकीबुवा आमचे मंगेशीचे, म्हणून थोडं हक्काने लिहितो. साठच्या दशकात संगीत नाटक जवळपास आडवं पडलं होतं. रात्रभर चालणारी पदं ऐकायला लोकांना वेळ नव्हता. बुवांनी १९६४ च्या मत्स्यगंधेपासून पदं आटोपशीर केली आणि चाली ताज्या बांधल्या. तेही नवं रूपच. आणि कट्यारमध्ये, १९६७ ला, तर कमालच केली. 'घेई छंद मकरंद' हे एकच पद दोन चालींत आहे, एक नाटकातल्या पंडितजींच्या घराण्याची, एक खाँसाहेबांची. नाटकाचं भांडणच मुळी ते आहे. जुनं पद दुसऱ्या गळ्यात गेलं की त्याचं काय होतं, हे नाटककार दारव्हेकर आणि बुवांनी रंगमंचावर उभं करून दाखवलं. आपण इथे धाग्यावर तेच करतोय, फक्त आपल्याला गाता येत नाही.

तिरकीट

'फक्त आपल्याला गाता येत नाही' =)) स्वतःपुरतं बोला.

कट्यारचा विषय निघालाच आहे तर: माझ्या वयाच्या निम्म्या लोकांनी नाटकातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, ऐकले ते २०१५ च्या सिनेमामुळे. मीही त्यातलीच. आधी राहुल देशपांडे आणि महेश काळे ऐकले, मग यूट्यूबवर शोधत शोधत राहुलच्या आजोबांपर्यंत, वसंतरावांपर्यंत पोचले. सिनेमातलं 'अरुणी किरणी', ज्यासाठी महेश काळेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते तर नवीनच गाणं आहे, शंकर-एहसान-लॉय यांचं. तरी ते नाटकातल्या पदांच्या शेजारी परकं वाटत नाही. का वाटत नाही ते मला सांगता येत नव्हतं. आता वाटतं, त्यात गळा पुढे आहे आणि वाद्यवृंद मागे.

जुना_कारकून

सिनेमा मलाही आवडला, पण एक तक्रार नोंदवतो. वसंतरावांच्या आवाजातला खरखरीतपणा, तो अनपेक्षित ठिकाणी मारलेला झटका, पुढे काय करतील ह्याचा भरवसा नसणं, हे सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात घासूनपुसून लख्ख झालंय. नातू तयार आहे ह्यात शंका नाही. समोर बसून ऐकलं की आजोबांचा तो अवखळपणा दिसतो. सिनेमात तो इस्त्री होऊन येतो.

आणि नव्या रूपाचा सगळ्यात धाडसी नमुना कोणी काढलाच नाही, म्हणून मीच काढतो: कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व'. एकही नवं वाद्य नाही. तेच तंबोरे, तीच पेटी, तोच तबला. पदं बालगंधर्वांची, जी महाराष्ट्राला तोंडपाठ. नक्कल करणारे तेव्हा गल्लोगल्ली होते. कुमारांनी नक्कल केली नाही. बालगंधर्वांचा सूर लांबट, गोलाई असलेला, एकातून एक उलगडणारा. कुमारांची फेक तुटक, टोकदार, मध्येच सूर सोडून देणारी, क्षयाच्या आजारातून उठल्यावर बांधलेली गायकी ती. पण पदाचं जे मर्म आहे, शब्द कुठे ओला करायचा, कुठे सूर नुसता टेकवायचा, ते जसंच्या तसं. काहींना तेव्हा ते मुळीच रुचलं नाही. मला आजही वाटतं की ड्रम आणि गिटार लावणं त्यापेक्षा फार सोपं आहे.

अंतरा_जर्सी

न्यू जर्सीहून लिहितेय, जरा लांबण लागेल.

माझा मुलगा तेरा वर्षांचा. पुण्यातल्या ताईंकडे व्हिडिओ कॉलवर गाणं शिकतो. ज्यांनी हे केलंय त्यांना माहीत असेल, कॉलवर एकत्र गाता येत नाही. आवाज पोचायला उशीर होतो, ताई सा लावतात आणि ह्याचा सा त्यांना मागून ऐकू येतो. त्यामुळे ताई गातात, मग हा गातो. तंबोरा प्रत्येकाने आपापल्या बाजूला फोनवर लावायचा. तबल्याबरोबर गायचं तर ॲपवरचा ठेका. म्हणजे ज्याला तुम्ही 'मागून येणारी साथ' म्हणताय ती ह्या मुलाला क्वचितच मिळते. हा पहिल्यापासून मशीनच्या मागून चालायला शिकलाय.

मध्यंतरी त्याने भूपातली बंदिश घेऊन लॅपटॉपवर लो-फाय काहीतरी केलं. पावसाचा आवाज, मऊ ड्रम, कॉर्ड. त्याच्या मित्रांना जाम आवडलं. मला गोड वाटलं, पण ताईंना पाठवायची हिंमत होईना. शेवटी त्यानेच पाठवलं. ताईंनी ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, 'ड्रम राहू दे, मध्यम आणि निषाद काढ.' कारण भूपात दोन्ही वर्ज्य, आणि ह्याच्या कॉर्डमधून दोन्ही येत होते. मुलगा दोन दिवस बसून एकेक कॉर्ड तपासत होता. भूपाचे वर्ज्य स्वर त्याला गाऊन शिकताना जेवढे कळले नसतील, तेवढे ते काढून टाकताना कळले.

रीलवाला_राजा

ओके, हे आवडलं. ताईंना साष्टांग.

फेडर_खाली

ताई माझ्या स्टुडिओत हव्या होत्या.

'मिले सुर मेरा तुम्हारा' अजून कोणी काढलं नाही? १९८८, दूरदर्शन, अशोक पत्कींची चाल, लुई बँक्सचं संयोजन, राग भैरवी. सुरुवातीला भीमसेनजी. बँक्स म्हणजे जॅझवाला, हार्मनीत मुरलेला माणूस. पण पहिल्या आलापाखाली ऐका, जवळपास काहीही नाही. कॉर्ड भरायला वाव होता, मोह झाला असता कोणालाही. त्याने भीमसेनजींना मोकळं सोडलं, आणि गाणं प्रांताप्रांतातून फिरायला लागल्यावर हळूहळू वाद्यं आणली. २०१० ला नवी आवृत्ती आली, मूळ गाण्याच्या दुप्पटीहून लांब, तारे-तारका खच्चून भरलेले. आज कोणाला आठवते का ती?

जुना_कारकून

आणखी एक नाव घेतो आणि गप्प बसतो. 'कॉल ऑफ द व्हॅली' १९६७ ला निघाली ती एचएमव्हीच्या जी. एन. जोशींमुळे. हे जोशी म्हणजे आपले भावगीत गाणारे जोशीच. संतूर, बासरी, गिटार ही तेव्हा मैफिलीच्या मधोमध क्वचितच बसणारी वाद्यं होती. त्यांनी शिवकुमार, हरिप्रसाद आणि काबरा यांना एकत्र आणून मेंढपाळाच्या एका दिवसाची गोष्ट केली, सकाळचा अहिर भैरव ते रात्रीची पहाडी. एका बाजूला वीसेक मिनिटं ही एलपीची मर्यादा होती. त्याआधी तव्यावर (जुन्या रेकॉर्डवर) तीन-साडेतीन मिनिटं असायची, अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यातच 'पिया बिन नाही आवत चैन' बसवलंय. त्यामुळे रीलच्या छोट्या लांबीवर मी उगाच नाक मुरडत नाही. वेळ कमी पडला म्हणून कोणाचा सूर उतरत नाही.

जवारीप्रेमी_मिरज

सगळे षड्जाबद्दल बोलताय आणि तंबोऱ्याबद्दल कोणी नीट बोलत नाही, म्हणून आलो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे पेढे वाटून झाले. पण नव्या रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा असतो कुठे? असला तर ॲपचा, तोही मिक्समध्ये पार तळाला.

खरा तंबोरा जवारीवर बोलतो. घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो एवढासा पुढेमागे सरकवला की तार एकदम उघडते आणि एका तारेतून स्वरांची पिसारी निघते. षड्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, तोच तो, पेटीवाल्यांनी सांगितलेला, पियानोपेक्षा १४ सेंट उतरलेला गंधार. गवई त्या गंधाराला गळा मिळवतो. तिथे कीबोर्डचा पॅड, म्हणजे लांबवलेला मऊ कॉर्ड, लावला की ह्या बारीक आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. दोन गंधार एकमेकांना घासतात आणि ऐकणाऱ्याला नुसतं कळतं की काहीतरी जड झालंय. साउंडवाल्या भाऊंना विनंती, एकदा पॅड काढा आणि त्या जागी खरे दोन तंबोरे लावा, आवाज तेवढाच भरतो.

फेडर_खाली

@जवारीप्रेमी: भरतो, खरंय. पण दोन तंबोरे गायकाच्या पट्टीला लावून माइकसमोर टिकवायचे म्हणजे एसी बंद करावा लागतो, नाही तर अर्ध्या तासात उतरतात. एसी बंद केला की गायक उठून जातो. :(

चार_काळ्या_पट्ट्या

अपडेट देतो. कोमलधैवत आणि जवारीप्रेमी यांचं ऐकून मारवा परत केला. पॅड काढला. तंबोरा मोठा ठेवला. बेसवर फक्त षड्ज, तोही सतत नाही, गवई बराच वेळ धैवतावर थांबला की एकदाच, हलका. उजव्या हाताने कॉर्ड अजिबात नाही, फक्त तो रिषभावर आला की मागून धैवताचा एक सूर. क्लिक बंद. गाणारा मित्र म्हणाला, पहिल्यांदाच तू माझ्या पायात आला नाहीस. भूप झाला नाही, तीनदा ऐकून खात्री केली.

आता ह्याच पद्धतीने पुरिया करायचा विचार आहे.

कोमलधैवत

करा, पण सोपं समजू नका. मारवा, पुरिया आणि सोहनी, तिघांचे स्वर तेच आहेत. कॉर्डच्या दृष्टीने तिघे एकच. पुरियात निषाद-गंधार बोलतात आणि गाणं मंद्रात रमतं, सोहनी तार षड्जाकडे धावते. तुमचा बेसवरचा 'एकदाच हलका षड्ज' पुरियात त्याच जागी चालणार नाही, गंधाराच्या न्यासानंतर (गंधारावर थांबून झाल्यावर) लावून बघा. तिन्हींचं रेकॉर्डिंग इथे टाका, रागाचं नाव न लिहिता. आम्ही ओळखतो.

तिरकीट

मी तबला देते. पण एसी बंद ठेवणार असाल तर रात्री नऊनंतर.